अकराव्या भागाचं हस्तांतर

३ फेब्रुवारी, सोमवार. मेडनहेड

यतीन हस्तांतर न करता गेला, म्हणून ही वही लिहावी लागते आहे.

मी स्लाउच्या एका जपानी कंपनीत तांत्रिक अनुवादक होते. तिथली एक पद्धत मला पहिल्या दिवसापासून पटली. काम अर्ध्यावर सोडणाऱ्याने पुढच्या माणसासाठी लिहून ठेवायचं: कुठवर झालं, काय राहिलं, कुठे अडलं. त्याला ते हिकित्सुगी म्हणतात. बदली असो, बाळंतपण असो, कोणी ते चुकवत नसे. यतीनने चुकवलं. नोव्हेंबरात एका सकाळी त्याच्या संपादकाकडे जायला निघाला आणि पॅडिंग्टन यायच्या आधी गाडीतच मेंदूत रक्तस्राव होऊन गेला. छत्तीस वर्षांचा होता. त्याच्या लॅपटॉपवर अकराव्या भागाची नऊपैकी सहा प्रकरणं झालेली आहेत. उरलेली तीन मी करणार आहे. मला काही झालं तर पुढच्याला कळावं म्हणून कामाच्या दिवशी इथे लिहीन. काम नसेल त्या दिवशी लिहिणार नाही.

काम काय आहे ते आधी. जपानीत ज्याला लाइट नॉव्हेल म्हणतात तशा पुस्तकांची ही मालिका आहे. खिशात मावणारी पुस्तकं, तुटक वाक्यं, मधे मधे चित्रं, मुखपृष्ठावर बशीएवढ्या डोळ्यांची मुलगी. तरुण मुलं वाचतात. मालिकेचं नाव 'दुसऱ्या जगात जाऊन पडलो, पण तिथेही मला रात्रपाळीच मिळाली'. हे संपूर्ण नाव आहे, सारांश नाही. लेखक हिरुने साबुरो. हे टोपणनाव. हिरुने म्हणजे दुपारची झोप. स्वतःला असं म्हणवून घेणाऱ्या माणसाचे दहा भाग यतीनने इंग्रजीत केले आणि त्यासाठी रेडिंगची चांगली नोकरी सोडली. जपानी त्याला मी शिकवलं. ते यासाठी नव्हे.

पुस्तकं मी वाचलेली नव्हती. सवड नव्हती.

४ फेब्रुवारी

फ्लोराशी फोनवर बोलले. फ्लोरा नवगावकर ही यतीनची संपादक. घराणं मुंबईच्या बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, आडनाव तेवढं अलिबागकडचं राहिलं आहे. मराठी येत नाही, आजीचे चार शब्द येतात.

तिने स्पष्ट सांगितलं ते बरं झालं. मार्चअखेर पुस्तक पूर्ण हातात आलं नाही तर ते दुसऱ्या अनुवादकाला जाईल. तो पहिल्या पानापासून स्वतःचं करेल. यतीनची सहा प्रकरणं बाजूला पडतील आणि पुस्तकावर त्याचं नाव येणार नाही.

"एका पुस्तकात दोन आवाज चालत नाहीत, मिसेस देवस्थळी. I'm so sorry."

"एकच आवाज राहील," मी म्हटलं. "मार्चअखेर म्हणजे एकतीस तारीख ना?"

संध्याकाळी सुनेला सांगितलं. वैभवी, यतीनची बायको, इथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. दारातच उभी राहिली.

"आई, तुम्ही? तुम्ही तर ब्रेकची मॅन्युअल्स करायचात. यात ड्रॅगन आहेत."

"वाक्य ते वाक्यच. आणि दारात उभी राहून बोलू नकोस. बूट बाहेर. हात धू. आधी जेव, मग काय बोलायचं ते बोल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग एकदम हसली, आणि न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. पाणी किती सोडायचं याला काही मर्यादा आहे.

७ फेब्रुवारी

पुढचं करायचं तर मागचं जुळलं पाहिजे. पहिला भाग मूळ जपानी आणि यतीनचं इंग्रजी शेजारी ठेवून वाचला. गोष्ट अशी: रेन नावाचा पोरगा एका गोदामावर रखवालदार असतो. ट्रकखाली येतो आणि दुसऱ्या जगात जागा होतो. तिथे त्याला तलवार वगैरे काही मिळत नाही. शहराच्या तटबंदीवर रात्रीचा पहारा मिळतो. बस. असे अकरा भाग.

यतीनचं इंग्रजी स्वच्छ आहे. मोजमापं बरोबर आहेत. चुका टिपायला वेगळा कागद केला आहे.

१२ फेब्रुवारी

दुसरा आणि तिसरा भाग झाला. चुका जवळजवळ सगळ्या एकाच ठिकाणी आहेत.

पहारेकऱ्यांच्या वसतिगृहाची एक बाई आहे, तोमे-सान. मूळ जपानीत ती अगदी मऊ बोलते. वाक्य पुरं करत नाही. रेन पहिल्यांदा पहाऱ्यावरून परत येतो तेव्हा ती म्हणते, "अगं बाई, फार दमलात ना तुम्ही... या ना आत... गार झालं असेल सगळं..." यतीनच्या इंग्रजीत तीच बाई म्हणते, "बूट बाहेर. हात. आधी जेव. रडायचं ते मग."

अर्थ तोच असेल, पण माणूस पार बदललं. मूळची बाई सोज्वळ आहे. यतीनची बाई हवालदार आहे. पहिल्या भागापासून असंच. एवढी ढोबळ चूक त्याने सातत्याने कशी केली कळत नाही. मी शिकवताना स्वर आणि दर्जा, म्हणजे कोण कोणाशी कसं बोलतं, यावर किती वेळ घालवला होता.

१३ फेब्रुवारी

दुसरा प्रकार जास्त गंभीर आहे. या पुस्तकांत एखादं पात्र काही बोलत नसेल तर अवतरणात नुसते ठिपके छापतात. रेन पहाऱ्यावर निघतो, तोमे-सान दारात उभी असते, तिच्या नावापुढे फक्त ठिपके. म्हणजे ती गप्प आहे. यतीनने एकदाही तिला गप्प ठेवलेलं नाही. दर वेळी तिथे घातलं आहे, "पोचलास की कळव."

मुळात नसलेलं वाक्य घालणं ही अनुवादातली पहिली चूक. शिवाय त्या जगात फोन नाही, टपाल नाही. तटावर पोचलेला माणूस कळवणार कसा? तर्कालाही धरून नाही.

कागदावर लिहिलं. दहा भागांची शुद्धिपत्रं निघतील. फ्लोराला भेटून सांगावं लागेल.

१८ फेब्रुवारी

इल्फर्डला जाऊन आले. फ्लोरा घरूनच काम करते. एलिझाबेथ लाइनने व्हाइटचॅपलला बदलून गेले. गाडी वेळेवर होती. पॅडिंग्टनच्या आधी थांबली नाही. पोचल्यावर वैभवीला 'पोचले' असा मेसेज केला. घरातला नियम आहे. नियम माझाच.

दारात बूट काढले तर फ्लोरा म्हणाली, "अर्थात. तुम्ही काढणारच." पहिल्यांदाच भेटत होतो. नोव्हेंबरात ती आली होती म्हणे. मला आठवत नाही.

चहा दिला. कपावर तोमे-सानचं वाक्य, बूट बाहेर, हात, आधी जेव. वाचक स्वतःच छापून घेतात म्हणाली, टी-शर्टसुद्धा आहेत. चहा पातळ होता.

मी चुकांचा कागद पुढे ठेवला. तिने शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढला.

"बाई..." ती म्हणाली. "माझ्या आजीच्या सगळ्या मैत्रिणी बाई होत्या. मी तुम्हाला सुलक्षणाबाई म्हटलं तर चालेल?"

"चालेल. पण मुद्द्यावर या."

"यतीनने कधी तुम्हाला तोमे-सान वाचून दाखवली नाही?"

"नाही. दाखवली असती तर तेव्हाच दुरुस्त केली असती."

यावर ती हसली, म्हणजे हसण्यासारखं काहीतरी केलं आणि खिडकीकडे बघायला लागली. मग म्हणाली, आत्ता शुद्धिपत्र नको, आधी सातवं प्रकरण पाठवा, तुम्हाला योग्य वाटतं तसं. निघताना मला लिमलेटच्या गोळ्यांची पुडी दिली. गाडीत लागतात म्हणे. आजीची पद्धत. घेतली.

२१ फेब्रुवारी

प्रत्येक भागाच्या शेवटी लेखकाचे दोन शब्द असतात. ते मी सलग वाचून काढले. यतीनने तेही सगळे केले आहेत. कथेपेक्षा मला ते बरे वाटले.

हा हिरुने साबुरो साइतामा भागात एका शीतगृहाच्या फाटकावर खरोखरच रात्रपाळीचा रखवालदार होता. तिथे बसून फोनवर टाइप करायचा आणि एका फुकट संकेतस्थळावर रोज एक तुकडा टाकायचा. दोन वर्षं कोणी वाचलं नाही. मग एकदम वाचायला लागले आणि टोकियोहून प्रकाशकाचा फोन आला, तो त्याने आधी फसवणूक समजून ठेवून दिला. दुसऱ्या भागात लिहितो, चित्रं काढणाऱ्या बाईंनी माझ्या गोष्टीतल्या लोकांना पहिल्यांदा तोंडं दिली. तिसऱ्यात, नोकरी सोडली, आईला अजून सांगितलं नाही. चौथ्यात अॅनिमेची, म्हणजे कार्टून मालिकेची, बोलणी चालू आहेत. पाचव्यात बोलणी थांबली आहेत, आणि हा बहुधा शेवटचा भाग, सगळ्यांचे आभार. सहाव्यात एवढंच: 'समुद्रापलीकडे एका गृहस्थाने तोमे-सानला माझ्याआधी ओळखलं. त्यामुळे मी अजून इथे आहे.' हे चित्रकाराबद्दल असावं. पण चित्रकार बाई आहे. नीट लिहिलेलं नाही.

नवव्यात पुन्हा अर्धवेळ रखवालीला लागलो. अकराव्यात मालिका संपली, नोकरी पूर्णवेळ झाली, शीतगृह तेच.

माणूस गचाळ लिहितो पण खाडा करत नाही. एवढं मान्य केलं पाहिजे.

२८ फेब्रुवारी

सातवं प्रकरण पूर्ण. तोमे-सान मुळाप्रमाणे मऊ केली. मात्र एक अडचण आली. मागच्या काही भागांपासून मूळ जपानीतच तोमे-सान बिघडली आहे. तीही तुटक बोलायला लागली आहे. लेखकाचा हात बहुधा शेवटी शेवटी सैल पडला असावा. मी पहिल्या भागाचा स्वर प्रमाण मानला आणि सगळं त्यात बसवलं. ठिपके जिथे आहेत तिथे ठिपके ठेवले. पाठवलं.

५ मार्च

फ्लोराचं उत्तर आलं. दोनच ओळी. 'अगदी अचूक आहे. पण तोमे-सान घरात नाही.'

याला संपादकीय शेरा म्हणत नाहीत. फोन केला.

"कोणतं वाक्य चुकलं ते सांगा."

"एकही नाही."

"मग?"

"बाई, सहाव्या प्रकरणाच्या शेवटी एक बाई दार उघडते, आणि सातव्याच्या सुरुवातीला दुसरीच बाई ते बंद करते. वाचक ओरडतील. हेच मी दोन आवाज म्हणत होते. असं गेलं तर मला ते पूर्ण पुस्तक दुसऱ्याला द्यावं लागेल. मला द्यायचं नाहीये."

"म्हणजे चुकीचं आहे तेच पुढे चालू ठेवायचं."

"एकदा हिरुने-सानशी बोला. मी वेळ ठरवते. मग ठरवा."

जेवताना वैभवीला सांगितलं. ती वरणात चमचा फिरवत म्हणाली, "आई, तुम्हाला खरंच दिसत नाही का?"

"काय दिसत नाही? चष्म्याचा नंबर जानेवारीत तपासलाय."

"काही नाही." मग थोड्या वेळाने, "तो मला मोठ्याने वाचून दाखवायचा. वरच्या खोलीत. तोमे-सानचा आवाज काढून. मी म्हणायचे हळू, ऐकू जाईल खाली."

"ऐकू येत नव्हतं," मी म्हटलं. "मी रेडिओ लावलेला असायचा. भात घे अजून. किती वाळलीस."

९ मार्च

काम नाही. तरी लिहिते आहे, हे नियमाबाहेर आहे.

कणीक मळली. तिघांची झाली. एका माणसाची काढून फ्रिजमध्ये ठेवली.

१२ मार्च

सकाळी नऊला, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, हिरुने साबुरोशी व्हिडिओवर बोलणं झालं. त्याने कॅमेरा लावला नाही. पडद्यावर झोपलेल्या मांजराचं चित्र. फार कोणाला तोंड दाखवत नाही म्हणे. आवाज पन्नाशीच्या माणसाचा, मधे मधे खोकला. आठला त्याची पाळी सुरू होणार होती, म्हणून मी वेळ घालवला नाही.

आधी दुखवट्याचं झालं. त्याने ठरलेलं वाक्य म्हटलं, मी ठरलेलं उत्तर दिलं. जपानीत त्यासाठी वाक्यं तयार असतात. ते सोयीचं आहे.

माझे प्रश्न मी आधी पाठवले होते. पहिला, तटबंदीची उंची चौथ्या भागात वेगळी का.

"विसरलो होतो," तो म्हणाला. "माफ करा. जी कमी असेल ती धरा."

दुसरा, घोड्यांची संख्या.

"तेही. देवस्थळी-सान, तुम्ही यतीन-सानच्या शिक्षिका का?"

"भाषेपुरती. आणि आई."

मांजर दिसत राहिलं. मग तो एकदम घाईने बोलायला लागला. मी टिपून घेतलं ते असं:

"पहिल्या तीन भागांतली तोमे-सान पुठ्ठ्याची आहे. टीव्हीवरच्या मालिकांत असते तशी आई. मला ती नीट माहीतच नव्हती. पाचव्या भागाला मालिका बंद करायचं ठरलं होतं. तेवढ्यात इंग्रजीतले वाचक तोमे-सानबद्दल लिहायला लागले. चित्रं काढून पाठवायला लागले. आमच्या संपादकांना कळेना, ही कोण एवढी? माझी भाची शाळेत इंग्रजी शिकवते. तिच्याकडून मी यतीन-सानचं इंग्रजी परत जपानीत करून घेतलं. वाचून एकटाच हसत बसलो, फाटकावर. सहाव्या भागापासून मी त्याचं इंग्रजी बघून तिला लिहिलं. मालिका आणखी सहा भाग चालली ती तिच्यामुळे. मी लेखक म्हणून नऊ वर्षं जगलो त्यातली पाच तिची आहेत."

"म्हणजे मूळ अनुवादाच्या मागे गेलं," मी म्हटलं.

"हो."

"यासाठी काही पद्धत नाही."

"नाही," तो म्हणाला. "मलाही सापडली नाही."

मग मी ठिपक्यांचं विचारलं. ते सर्वांत महत्त्वाचं होतं, कारण नवव्या प्रकरणाच्या शेवटी, म्हणजे पूर्ण मालिकेच्या शेवटी, रेन तटाच्या दारातून पलीकडे जातो. दार एकदाच उघडतं. पलीकडून कोणी परत येत नाही, निरोप येत नाही. तोमे-सान दारात उभी आहे, आणि छापलं आहे ते फक्त ठिपके.

"तिथे ती गप्प आहे असंच समजायचं ना?"

तो खोकला. "तिथे मला लिहिता आलं नाही. आठवडाभर बसलो. मग ठिपके टाकले. ठिपके टाकले की यतीन-सान काहीतरी लिहितो, ही मला सवयच झाली होती. वाटलं, जपानी वाचकांना नाही तर नाही, इंग्रजी वाचकांना तरी ती काय म्हणाली ते कळेल. पुस्तक सप्टेंबरात आलं. मी त्याच्या वाक्याची वाट बघत होतो."

मी म्हटलं, समजलं.

"मी त्याला एकदा विचारलं होतं," तो म्हणाला, "तुला ही बाई सापडली कुठे. तो म्हणाला, फार लांब जावं लागलं नाही."

यतीनच्या टेबलाला लागून कोशांचं कपाट आहे. त्यातल्या एखाद्यातून घेतलं असावं.

त्याने घड्याळ बघितलं असणार. पाळीवर जायला उशीर होईल म्हणाला. मी बाहेर गारठा आहे का विचारलं, तर आहे म्हणाला. मी म्हटलं, मग गळ्याला काहीतरी गुंडाळा, हा खोकला शीतगृहाचा आहे, आणि पोटात काही असल्याशिवाय जाऊ नका. मग तो हळूच "हाय" म्हणाला. जपानीत ते 'हो' असतं. शाळेतल्या मुलासारखं म्हणाला.

मांजर गेलं.

१४ मार्च

सातवं प्रकरण पुन्हा केलं. यतीनचा स्वर प्रमाण मानून.

वैभवीला म्हटलं, तुला ऐकायला वेळ आहे का, जुळतं का ते बघायचं आहे. ती सोफ्यावर पाय घेऊन बसली. मी वाचलं. रेनला ताप आलेला असतो आणि तोमे-सान त्याला म्हणते, "मरायचं असेल तर भांडी घासून मर." वैभवी हसता हसता एकदम उशी तोंडावर धरून बसली. मी थांबले.

"वाचा, आई."

"जुळतं का?"

"जुळतं."

"मग रडतेस कशाला?"

"तुम्ही वाचा ना."

पुढचं वाचलं.

१९ मार्च

फ्लोराचं उत्तर: 'ती घरी आली.' संपादकीय शेरे लिहायला या बाईला कोणी शिकवलेलं दिसत नाही. पण पुढे जायला हरकत नाही असा अर्थ घेतला.

आठवं प्रकरण चालू. तोमे-सानची वाक्यं लवकर होतात. विचार करावा लागत नाही. बाकीच्यांना वेळ लागतो.

२५ मार्च

आठवं झालं. नववं शेवटच्या पानापर्यंत झालं. एक जागा राहिली.

यतीनच्या खोलीत काम करते आहे. आज पडदे धुतले.

३० मार्च, रविवार

पाडवा. वर्ष झालेलं नाही, गुढी नाही. घड्याळं एक तास पुढे गेली, ती सगळी लावली. यतीनच्या खोलीतलं बंदच होतं, त्यात सेल घातला.

दुपारी वैभवी चहा घेऊन वर आली. पडद्यावर ते एकच पान होतं.

"हेच राहिलंय?"

"हो."

"काय पर्याय आहेत?"

"दोन. मुळात ठिपके आहेत. ठिपके ठेवले तर कोणी चूक म्हणणार नाही. दुसरं, यतीन दर वेळी लिहायचा ते, 'पोचलास की कळव'."

ती खुर्चीच्या पाठीला टेकून उभी राहिली. "पण आई, या वेळी तो परत येणारच नाही ना. तिकडून निरोपच येत नाही. तोमे-सानला हे माहितीये. तरी ती असं म्हणेल?"

मी चहा संपवला. साखर जास्त पडली होती.

"म्हणेल," मी म्हटलं.

"का?"

"तिला दुसरं काही म्हणता येत नाही."

वैभवीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी टाइप करत होते म्हणून काही म्हटलं नाही.

३१ मार्च, सोमवार. इल्फर्ड

हस्तांतर पूर्ण. फाइल इमेलने गेली असती, पण हातात द्यावी असं ठरवलं. फ्लोराने शेवटचं पान समोर बसूनच वाचलं. बराच वेळ वाचलं. मग म्हणाली, "सुलक्षणाबाई, शेवटची तीन प्रकरणं तुमची आहेत. तुमचं नाव घालू या."

"नको. एकच आवाज आहे, एकच नाव."

"तशा तुम्ही पुस्तकात आहातच."

घरी परतताना गाडीत माझ्याकडच्या प्रतीची सगळी पानं तपासली. माझं नाव कुठेही नाही.

नोंद अशी:

फ्लोरा नवगावकर यांच्याकडे आज दिलं. अकराव्या भागाचं पूर्ण इंग्रजी, नऊ प्रकरणं आणि लेखकाचे दोन शब्द, एका पेनड्राइव्हवर आणि छापून. अनुवादक म्हणून यतीन मोहन देवस्थळी एवढंच नाव. तटबंदीची उंची लेखकाच्या सांगण्यावरून कमी धरली आहे, घोडे दुरुस्त केले आहेत. मागच्या दहा भागांतल्या चुकांचा कागद दिलेला नाही. तो रद्द केला. लॅपटॉप घरीच राहील.

नवव्या प्रकरणात तोमे-सानचं शेवटचं वाक्य मुळात नाही. छपाईच्या वेळी कोणी ते काढू नये. जबाबदारी माझी.